चौथ्या सिलिंडरचं रबर

आपली पाठ धरलीय, असं रॉयस्टन हॅसलम बेकप गावभर सांगत सुटला, तेव्हा त्याच्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं. सहासष्टाव्या वर्षीही कोळशाचं पोतं तो एकट्याने उचलून मागच्या दारी नेऊन टाकी. बिघडले होते ते डोळे. हिवाळ्यात एकदा स्वयंपाकघराच्या दाराची चौकट त्याला मध्येच फुगल्यासारखी दिसली. त्याने ओळंबा लावून पाहिला. चौकट सरळ होती. पुढे वर्तमानपत्रातल्या शब्दांच्या मधली अक्षरं गळायला लागली, तेव्हा त्याची बायको ग्लेनिस त्याला जवळजवळ ओढतच बर्न्लीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाई तरुण होत्या आणि बोलायला सरळ होत्या. "कडेकडेचं दिसत राहील, मिस्टर हॅसलम. मधलं जाईल. चालाल, फिराल, चहा कराल. वाचता येणार नाही, आणि समोरच्याचं तोंड ओळखता येणार नाही."

"यावर काही औषध?"

"तुमचा जो प्रकार आहे, त्यावर नाही."

"किती दिवस आहेत?"

"वर्ष म्हणा, दोन म्हणा. पण मोटरसायकल आजपासून बंद. लायसन्स तुम्ही स्वतः परत पाठवा."

परतताना गाडी ग्लेनिस चालवत होती. डोंगरावरचा रस्ता संपून खाली गावाची धुराडी दिसली, तेव्हा रॉय म्हणाला, "हे कुणाला सांगायचं नाही."

"नेव्हिललाही नाही?"

"नेव्हिलला तर नाहीच."

"अरे, पन्नास वर्षांचा दोस्त तुझा. उद्या तू गाडीवर दिसला नाहीस तर विचारणार नाही तो?"

"पाठ धरलीय म्हणून सांगेन. ग्लेनिस, आंधळ्या माणसाकडे कार्बोरेटर कोण घेऊन येईल, सांग ना?"

तिने वचन दिलं. पुढे सगळं झाल्यावर ती या वचनावरून स्वतःलाच बोल लावत राहिली. पण त्या दिवशी तिला एवढंच कळलं की या माणसाच्या हातातून आज बरंच काही गेलं आहे, आणि उरलेलं आपण काढून घेऊ नये.

रॉयने आयुष्यातली बावीस वर्षं सपातांच्या कारखान्यात शिलाईयंत्रं दुरुस्त करण्यात घालवली होती. या खोऱ्यात एकेकाळी निम्मा देश पायात घालील एवढ्या सपाता शिवल्या जात. कारखाना बंद पडला तेव्हा तो पंचेचाळीसचा होता. बाकीचे लोक मॅंचेस्टरच्या गोदामांत कामाला लागले. रॉयने घरामागच्या गल्लीतला घोड्यांचा जुना तबेला भाड्याने घेतला आणि एकच काम धरलं: जुन्या जपानी मोटरसायकलींचे कार्बोरेटर. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेले. ते उघडायचे, केसाएवढी भोकं साफ करायची, चारही एका श्वासात चालतील असे जुळवायचे, आणि परत गाडीत बसवायचे. हे बसवणं सगळ्यांत वाईट. पुढे इंजिन, मागे हवा गाळणारा डबा, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभरही जास्त जागा नाही. डब्याकडून चार रबरी नळकांडी येतात. त्यांना सगळे बूट म्हणतात. तीस-पस्तीस वर्षांत हे बूट लाकडासारखे होतात. एक बसवावा तर दुसरा निसटतो. भलेभले मेकॅनिक या जागी पाना भिंतीवर फेकून मारतात. रॉयला मात्र ते जमायचं. रॉचडेलहून, हॅलिफॅक्सहून माणसं गाडी टेम्पोत घालून आणायची. "हॅसलमकडे ने" एवढंच लोक एकमेकांना सांगत.

आणि खरं सांगायचं तर त्यातलं अर्धं काम आधीपासूनच बोटांचं होतं. त्या सांदीत नजर पोचतेच कुठे? शेवटी छोटा आरसा आणि विजेरी घेऊन चारही बुटांच्या कडा नीट बसल्या की नाहीत, तेवढं पाहायचं. फक्त तेवढ्यालाच डोळे लागत. म्हणून रॉयने स्वतःची समजूत घातली की आपलं निभेल.

वर्षभर निभलंही. गाडी सुरू झाली की खोट तो कानाने ओळखे, जेटच्या बारीक तोट्या बोटाने ओळखे, आणि कुणी कागद पुढे केला की "चष्मा घरी राहिला" म्हणे. आरशात बघायची वेळ आली की मान तिरपी करून डोळ्याच्या कडेने बघे. गिऱ्हाइकाला वाटे, म्हाताऱ्याची लकब आहे.

नेव्हिल स्कोफिल्ड मार्चच्या शेवटी आपली गाडी घेऊन आला. हा बसड्रायव्हर, निवृत्त, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. अकराव्या वर्षी रॉयच्या शेजारच्या बाकावर येऊन बसला, आणि मग उठलाच नाही म्हणा ना. गाडी साडेसातशे सीसीची, मरून रंगाची. अठ्ठ्याहत्तर साली नोकरी पक्की झाली त्या महिन्यात घेतलेली. बायको ॲव्हरिल तीस वर्षं तिच्यावर मागे बसली. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. दर उन्हाळ्यात रॉय आणि नेव्हिल दोघं दोन गाड्यांवर स्कॉटलंडच्या टोकापर्यंत जात. गेल्या उन्हाळ्यात रॉयच्या पाठीमुळे ते राहिलं होतं.

"कशी आहे पाठ?" तबेल्याच्या दारातूनच नेव्हिलने आरोळी दिली. "का अजून ग्लेनिसकडून भांडी घासून घ्यायचं निमित्त आहे?"

"तुझ्या गाडीचा आवाज ऐकून जास्त दुखायला लागली. काय केलंस रे तिला? दम्याचा पेशंट जिना चढतोय असं वाटतंय."

"म्हणून तर आणली. बारा वर्षांपूर्वी तूच हात लावला होतास. म्हणजे दोष तुझाच."

"बारा वर्षं तू तेल तरी बदललंस का, गाढवा?"

"बदललं. दोनदा." नेव्हिल स्टुलावर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "रॉय, नीट करून दे. मे महिन्यात मी एकटाच उत्तरेला जाणार आहे. कोरीन नको म्हणतेय. मुलगी झाली म्हणून बापाला लहान पोरासारखं वागवायचं का? म्हणते, बाबा, चौसष्टला माणसाची नजर आणि हात मंदावतात. मी म्हटलं, माझी नजर घारीसारखी आहे."

"तू चौसष्ट कधीपासून झालास? माझ्याएवढाच आहेस."

"तिला मी तीन कमी सांगतो."

रॉय हसला. मुलीला बापाचं वय ठाऊक नसेल कसं, हा विचार नेव्हिलच्या डोक्यातही आला नसणार. तो असाच होता. रॉयच्या मनात मात्र 'नजर' हा शब्द अडकून राहिला. तीच सांगायची वेळ होती. त्याने किटली लावली आणि दोघं फुटबॉलवर बोलत बसले.

आठ दिवस रॉयने त्या गाडीवर काम केलं. कार्बोरेटर स्वच्छ झाले, त्यात त्याला काही अडचण आली नाही. अडचण बुटांची होती. त्या गाडीचे बूट कुठेच मिळत नव्हते, बनायचेच बंद झाले होते. जुनेच मऊ करून घ्यायचे. त्यासाठी तो विंटरग्रीनचं तेल वापरी. दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाला येतो तोच त्याचा वास. तेलात पातळ करणारं द्रव्य मिसळून रबरं बुडवून ठेवायची, रोज दाबून बघायची. मापाच्या भांड्यावरच्या रेघा आता त्याला दिसत नव्हत्या. त्याने अंदाजाने ओतलं. तीन बूट छान मऊ झाले. चौथा जरा जास्तच मऊ झाला. दाबला की बोट आत रुतायचं. रॉयने तो कपड्याने पुसला, दोन दिवस वाऱ्यावर ठेवला आणि चालेल म्हणून घेतला.

बसवायच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. ग्लेनिसचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन त्याने बूट गरम केले. कार्बोरेटरची अख्खी पट्टी उजवीकडून आत सरकवली, मधले दोन आधी, मग बाहेरचे दोन. डब्याला मागून पट्टा घालून तो दात आवळून ओढू लागला. पहिला बसला. दुसरा, तिसरा बसले. चौथा बसताना नेहमीचा तो बोदा आवाज आला नाही. त्याने तर्जनी खालून घातली आणि बुटाच्या कडेवरून फिरवली. वर ठीक होतं. बाजूंना ठीक होतं. खाली, अगदी खाली, बोटाला काहीतरी लागलं. कड आत दुमडल्यासारखी. की बूट आवळायच्या क्लिपची धार होती? तो परत चाचपू लागला. बोट तेलकट झालं होतं. त्याने आरसा घातला, विजेरी धरली, मान तिरपी केली. नेमकं जिथे बघायचं होतं तिथे राखाडी डाग होता. डाग हलवावा म्हणून तो नजर हलवी, तर डागही तिकडेच जाई.

तेवढ्यात ग्लेनिस चहा घेऊन आली. तिने त्याची ती अवघडलेली मान पाहिली आणि कप ठेवून विचारलं, "मी बघू का? काय बघायचं ते सांग."

तो खरंच सांगणार होता. "इथे खाली..." म्हणून त्याने आरसा तिच्या हातात दिलाही. तोच गल्लीत पावलांचा आवाज आला आणि त्यामागून नेव्हिलचा.

"झाली का नवरी तयार?"

रॉयने आरसा ग्लेनिसच्या हातून काढून घेतला आणि खिशात टाकला. "झालीय," तो म्हणाला.

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं. तो क्लिपचा स्क्रू आवळत होता.

गाडी सुरू केली तेव्हा ती इतकी सुरेख चालली की नेव्हिलने टोपीच काढली. चारही सिलिंडर एकासारखे. रॉयने कान लावून ऐकलं. त्याच्या कानाला कुठेच खोट सापडली नाही, आणि बोटाला जे लागलं होतं ते त्याने क्लिपच्या नावावर टाकलं.

"ॲव्हरिल असती तर लगेच मागे चढून बसली असती," नेव्हिल म्हणाला.

त्यानंतर तीन आठवडे गेले. नेव्हिल रोज कुठे ना कुठे जाऊन येई आणि फोनवर सांगे, लोण्यासारखी चालतेय. एप्रिलच्या चौथ्या रविवारी तो कर्बी लॉन्सडेलच्या पुलावर गेला. तिथे रविवारी सगळ्या उत्तरेतले मोटरसायकलवाले जमतात, पावात बेकन घालून खातात आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. परत येताना उतारावरच्या डाव्या वळणाआधी त्याने ॲक्सिलरेटरची मूठ सोडली. मूठ मागे आली, पण गाडीचा वेग उतरेना. ती पळतच राहिली. त्याने क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. घाबरून त्याने इंजिन बंद करायच्या लाल बटणाकडे खाली पाहिलं. बटण त्याला सापडलंही. पण तेवढ्या वेळात वळण संपलं होतं आणि समोर दगडी कुंपण होतं.

जिवावरचं गुडघ्यावर निभावलं. उजवा गुडघा असा फुटला की तीनदा उघडून शिवावा लागला. आता पाय कधीही वाकणार नाही, असं सर्जनने सांगितलं. पोलिसांनी दोन प्रश्न विचारले. मागून येणाऱ्या मोटारवाल्याने इंजिन किंचाळताना ऐकलं होतं. पोलिसांनी वय लिहिलं, म्हातारा माणूस गडबडून चुकीच्या वेळी मूठ पिळतो असं काहीतरी म्हणाले, आणि विषय मिटला.

रॉय आणि ग्लेनिस त्याला भेटायला इस्पितळात गेले तेव्हा कोरीन पलंगाशी बसलेली होती. ती इप्सविचहून आली होती, चार तास गाडी चालवत. लहानपणी रॉयच्या खांद्यावर बसून तिने जत्रा पाहिली होती. ती उठून त्याच्या गळ्यात पडली.

"बरं झालं तुम्ही आलात, रॉय काका. तुमचं तरी ऐकतील. मी यांना माझ्याकडे घेऊन जातेय. बेकपच्या घराचे जिने यांना आता चढता येणार नाहीत."

नेव्हिलचा आवाज रॉयला ओळखूच आला नाही. तोंड तर तसंही दिसत नव्हतं; उशीवर एक फिकट ठिपका, बस. "मूठ मी सोडली होती रे," तो म्हणाला. "देवाशपथ सोडली होती. निदान मला तसं वाटतंय. पण हे सगळे म्हणतात की नाही. मग नसेन सोडली. पस्तीस वर्षं बस चालवली मी, एक कुत्रं माझ्या चाकाखाली आलं नाही. आणि आता मूठ सोडली की पिळली तेसुद्धा मला कळत नाही."

"बाबा, वय होतं सगळ्यांचं," कोरीन म्हणाली.

"हो. होतं," नेव्हिल म्हणाला. त्याने एवढ्या लवकर मान तुकवली, हे रॉयच्या जिव्हारी लागलं.

निघताना नेव्हिलने विचारलं, "गाडीचं काय ते तूच बघशील? मला नाही बघवणार. भाग सुटे करून दे कुणाकुणाला."

गाडी टेम्पोतून तबेल्यात आली. रॉय दोन दिवस तिच्याजवळ गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने दार आतून लावलं आणि कार्बोरेटर काढायला घेतले. डोळ्यांचं कामच नव्हतं. चौथ्यात बोट घातल्याबरोबर कळलं. इंजिनात हवा सोडणारी झडप खाली बसलेली नव्हती. तिच्याखाली काहीतरी अडकलं होतं. एका पट्टीवर जोडलेल्या चारही झडपा त्या एकीने धरून ठेवल्या होत्या. त्याने चिमट्याने ओढलं. हातात आली ती रबराची पट्टी, करंगळीएवढी लांब, नखाएवढी रुंद, आणि अजून मऊ. बुटाची खालची कड. दुमडलेली, तीन आठवडे हवेच्या ओढीने फडफडत फाटलेली.

ग्लेनिस हाका मारून दमली, तेव्हा त्याने दार उघडलं. त्याने पट्टी तिच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"नेव्हिलचा गुडघा," तो म्हणाला.

तिने त्याला सविस्तर सांगायला लावलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसली. "तू मला दाखवणार होतास. आरसा दिला होतास माझ्या हातात."

"हो."

"आणि तो आला म्हणून काढून घेतलास."

"हो."

ग्लेनिसने पट्टी त्याला परत दिली आणि म्हणाली, "सांगून काय होणार आहे, रॉय? त्याचा पाय वाकणार आहे का? तो जाणारच आहे मुलीकडे. जाता जाता त्याच्या हातून एकुलता एक दोस्तही काढून घेणार तू?"

"तो म्हणतोय की त्याने मूठ पिळली. त्याला वाटतंय आपलं डोकं गेलं."

"आणि तुझं काय होईल?"

"माझं काय व्हायचं राहिलंय?"

"मग मला तरी बरोबर ने," ती म्हणाली. "वचन मीही पाळलं होतं."

पण तो एकटाच गेला. नेव्हिलच्या घरी खोकी भरून झाली होती. भिंतीवर चित्रांच्या जागी चौकोन उरले होते, तेही रॉयला कडेकडेनेच दिसले. नेव्हिल खुर्चीत होता, पाय समोर फळीसारखा ताठ. कोरीन आत कपबश्या कागदात गुंडाळत होती.

"आलास? बस. बसायला काही उरलंय का बघ," नेव्हिल म्हणाला. "पाठ कशी आहे?"

"पाठीला काही झालेलं नाही," रॉय म्हणाला. "कधीच झालं नव्हतं. माझे डोळे गेलेत, नेव्हिल. दीड वर्ष झालं. तू आत्ता माझ्यासमोर आहेस आणि मला तुझं तोंड दिसत नाहीये."

मग तो थांबला नाही. तेल, चौथा बूट, बोटाला लागलेली घडी, आरसा, 'झालीय' म्हणालो ते. शेवटी त्याने पट्टी काढून नेव्हिलच्या तळहातावर ठेवली. आतला कागदांचा आवाज थांबला होता. कोरीन दारात येऊन उभी होती.

नेव्हिलने ती पट्टी दोन बोटांत धरून ताणून पाहिली. "म्हणजे मी मूठ सोडली होती," तो हळूच म्हणाला.

"सोडली होतीस. तुझं काही चुकलं नाही."

"ऐकलंस, कोरीन? मी सोडली होती." त्याच्या आवाजात क्षणभर जुना नेव्हिल आला, आणि रॉयला वाटलं, झालं, यातून निघू आपण. पण नेव्हिल पुढे बोलला तेव्हा त्याचा सूर रागाचाही नव्हता.

"मी तिथेच होतो रे. दारातच होतो. तू म्हणाला असतास, नेव्हिल, मला दिसत नाही, जरा विजेरी धर, तर मी धरली नसती?"

रॉय बसल्या खोक्याची कड बोटाने चाचपत राहिला.

"मी हसलो असतो तुला? हसलोच असतो, दोन दिवस. आणि मग रोज येऊन बसलो असतो. तुझे डोळे म्हणून बसलो असतो. तसंही मला दुसरं काय काम होतं?" त्याने पट्टी खुर्चीच्या हातावर ठेवली. "तू मला परका केलास, रॉय. पाय जाऊ दे. पाय काय, बसमध्ये असतानाही गेला असता. पण मला वाटत होतं की तुझं मला सगळं माहीत आहे."

"काका," कोरीन म्हणाली, "तुम्ही आता जा."

रॉय उठला. दारापाशी खोक्याला अडखळून पडता पडता वाचला. त्याला सावरायला कुणी आलं नाही, किंवा आलं असेल तर त्याला दिसलं नाही.

नेव्हिल इप्सविचला गेला. रॉयने तबेल्याला कुलूप घातलं. वर्षभरातल्या तीसेक गिऱ्हाइकांना त्याने स्वतःच सांगितलं असतं, पण कोण कुठलं ते त्याला वहीत वाचता येईना. मग ग्लेनिसने वही घेऊन एकेकाला फोन केले. मागच्या वर्षभरातल्या गाड्या पुन्हा कुणाला तरी दाखवून घ्या, असं ती प्रत्येकाला सांगत होती, आणि रॉय शेजारी बसून ऐकत होता. बहुतेकांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. रॉचडेलचा एकजण तेवढा ओरडला. सगळ्या गाड्या ठीक निघाल्या. एकातही खोट नव्हती. त्याचं रॉयला समाधान व्हायला हवं होतं, पण ते उलट टोचत राहिलं: सगळ्यांच्या गाड्या नीट बसवल्या होत्या, एक नेव्हिलचीच नाही.

तो रविवारी इप्सविचला फोन करी. पहिल्यांदा कोरीनने सांगितलं, बाबा झोपलेत. दुसऱ्यांदा म्हणाली, फिरायला गेलेत. तिसऱ्या रविवारी फोन नेव्हिलनेच उचलला. पलीकडे कुठेतरी टीव्हीवर सामना चालू होता. रॉय म्हणाला, "मी बोलतोय." नेव्हिलने सामन्याचा आवाज कमी केला.

"रॉय, नको," नेव्हिल म्हणाला आणि त्याने अगदी सावकाश फोन ठेवला. चौथ्या रविवारी रॉयने फोन केला नाही.

डाग वाढत गेला. पुढच्या वर्षी त्याला पांढरी काठी मिळाली. ग्लेनिस सकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी, तो ऐकत असेच असं नाही. हात कशात तरी गुंतावेत म्हणून तिने त्याला वाटाणे सोलायला दिले, मग लोकर गुंडाळायला दिली. ती कामं तो करी. त्याचे हात पूर्वीसारखेच चलाख होते, आणि तेच बघणं तिला जड जाई.

ऑक्टोबरात एका दुपारी दार वाजलं. रॉयनेच उघडलं. दारातला माणूस तरुण होता, आवाजावरून पस्तिशीतला असावा. त्याच्या हातात जड खोकं होतं. एका हातावरून दुसऱ्यावर घेताना आत धातू खणखणला.

"कार्बोरेटरवाले हॅसलम तुम्हीच ना? हॅलिफॅक्सहून आलो."

"मी ते काम करत नाही आता."

"माहीत आहे, म्हणजे, ऐकलं मी." तो घाईघाईने बोलू लागला. "तुम्ही हात लावू नका. फक्त सांगा. वडिलांची गाडी आहे. तीन महिने झटतोय. साफ सगळं केलं, पण बसतच नाहीत. तीन बूट बसतात आणि चौथा निसटतो. काहीतरी युक्ती असेल ना? दोन मिनिटं सांगा, मी निघतो."

युक्ती रॉयच्या जिभेवर होती. मधले दोन आधी. डब्याला मागून पट्टा. बूट गरम असतानाच, थंड होऊ द्यायचे नाहीत. आणि शेवटी आरसा घालून खालची कड बघायची, डोळ्यांनी बघायची, बोटावर जायचं नाही. सगळं दोन मिनिटांचं होतं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"काहीच?"

"काहीच नाही."

त्याने दार लावलं. ग्लेनिस मागे जिन्यापाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आठवत नाही?" ती म्हणाली. "नुसतं सांगायचंच होतं ना त्याला."

"माझ्या सांगण्यावर बसवेल आणि बाप चढेल तिच्यावर."

"तसं होतंच असं नाही, रॉय."

तो हाताने भिंत चाचपत खुर्चीकडे गेला आणि बसला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज अजून आला नव्हता.

"गेला का?" त्याने विचारलं.

ग्लेनिसने पडदा बाजूला केला. तो माणूस खोकं मोटारीच्या टपावर ठेवून पावसात उभा होता आणि त्यांच्या दाराकडे बघत होता.

"नाही अजून," ती म्हणाली.

थोड्या वेळाने मोटार सुरू होऊन दूर गेली. ती म्हणाली, "आता गेला."